दादर ते माहीम, मार्गे अंधेरी

ज्याच्या खिडकीतून पहाटे झेंडूचा वास येतो, त्या माणसाने फुले मागवण्यासाठी मोबाइल हातात घ्यावा, ही गोष्ट मुळातच लाजिरवाणी आहे, आणि ते मी सुरुवातीलाच मान्य करून टाकतो. मी दादर पश्चिमेला राहतो. सेनापती बापट मार्गावरची मीनाताई ठाकरे फूल मंडई माझ्या घरापासून चालत आठ मिनिटांवर आहे. पहाटे चारच्या सुमारास तिथे टेंपो रिकामे होऊ लागतात, वसईकडची माणसे मोगऱ्याच्या आणि सोनचाफ्याच्या टोपल्या घेऊन पहिल्या गाड्यांनी उतरतात, आणि उजाडेपर्यंत तिथला चिखलसुद्धा शेवंतीच्या पाकळ्यांचा झालेला असतो. गुलाबाची वीस फुलांची गड्डी तिथे ज्या भावाला मिळते, तो एकदा कानावर पडला, की आपल्या गल्लीतल्या फुलवाल्याशी पूर्वीइतक्या जिव्हाळ्याने बोलता येत नाही.

एवढे सगळे पायाशी असताना मी मे महिन्यातल्या एका शनिवारी मावशीच्या पंचाहत्तरीसाठी घरबसल्या पुष्पगुच्छ मागवला. मावशी माहीमला, शीतलादेवीच्या देवळापासून जवळच राहते, म्हणजे माझ्या घरापासून फार तर दोन किलोमीटरांवर. मला स्वतः जाता आले नसते असे नाही. शनिवारी ऑफिस होते हे एक कारण झाले, पण खरे कारण वेगळे होते. पन्नाशी उलटलेला माणूस हातात पुष्पगुच्छ धरून रस्त्याने चालू लागला, की समोरून येणाऱ्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एक समजूतदार हसू उमटते, आणि ते हसू घामाने निथळत असताना सहन करणे मला जमत नाही.

तेव्हा शुक्रवारी रात्री मी मोबाइल उघडला. ‘ताजी फुले, तीन तासांत दारात’ असे तिथे लिहिलेले होते. पहिला प्रश्न होता, फुले कोणासाठी? पर्यायांमध्ये पत्नी होती, प्रेयसी होती, आई होती, बॉससुद्धा होता. मावशी मात्र नव्हती. मावशी, आत्या, काकू आणि मामी या चार स्वतंत्र संस्थानांचे परस्पर विलीनीकरण करून त्यांनी ‘आंटी’ नावाचा एकच पर्याय ठेवला होता. आमच्या मावशीने पालिकेच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले असून अजूनही ती भाच्यांची पत्रे शुद्धलेखन तपासूनच वाचते. तिला आंटी म्हणण्याचे धाडस न झाल्यामुळे मी ‘इतर’ हा पर्याय निवडला, आणि सख्ख्या मावशीला इतरांत ढकलल्याची बोच मनात ठेवून पुढे गेलो.

पुढे एक टेडी अस्वल आले. ते नको म्हटल्यावर अर्धा किलोचा केक आला. मावशीला मधुमेह आहे आणि अस्वल ठेवायला तिच्या दीड खोल्यांत जागा नाही, हे सांगण्याची सोय नव्हती, ‘नक्की नको?’ या प्रश्नाला दोनदा ‘होय’ म्हणावे लागले. शेवटी वीस लाल गुलाब, मध्ये पांढरी कार्नेशन आणि भोवती जिप्सोचा पांढरा चुरा असा एक गुच्छ 899 रुपयांना ठरला, ज्यावर घरपोच पोहोचवण्याचे 149 रुपये वेगळे होते. ‘उपलब्धतेनुसार फुलांमध्ये बदल होऊ शकतो’ असे खाली बारीक अक्षरांत छापलेले होते. लग्नपत्रिकेतले ‘आपली उपस्थिती हाच आहेर’ हे वाक्य आपण जितके मनावर घेतो, तितकेच तेही मी घेतले.

सोबतच्या कार्डावर काय लिहायचे, यावर मात्र मी अर्धा तास घालवला. वाचणारी मराठीची शिक्षिका असल्यामुळे लांब मजकूर म्हणजे जास्त चुका, असा हिशेब करून मी ‘मावशी, शंभरी पार कर.’ एवढेच लिहिले. स्वल्पविराम आणि पूर्णविराम दोन्ही जागच्या जागी आहेत ना, हे तीन वेळा पाहिले आणि निश्चिंत मनाने झोपलो.

शनिवारी सकाळी दहाची वेळ दिलेली होती. साडेअकराला मला एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. बोलणारा माणूस फुलवाला होता आणि चांगलाच घाईत होता.

“साहेब, लग्नसराई आहे. लाल गुलाब सगळा मंडपाला गेला. पिवळा चालेल का?”

“चालेल. पण कार्नेशन आहेत ना?”

“आहेत. थोडे जरबेरा घालतो, भरगच्च दिसेल.”

“दुकान कुठे आहे तुमचं? शिवाजी पार्कला का?”

“नाही हो, अंधेरीला.”

अंधेरी हे नाव ऐकून मी खुर्चीत सरळ बसलो. “आणि फुलं कुठून आणता तुम्ही?” मी विचारले.

“दादरहून. रोज पहाटे स्वतः जातो,” तो अभिमानाने म्हणाला.

फोन ठेवल्यावर मी ऑफिसच्या कागदावर त्या फुलांचा प्रवास मांडून पाहिला. हे गुलाब बहुधा मावळातल्या, तळेगावच्या बाजूच्या एखाद्या पॉलिहाऊसमध्ये उमलायच्या बेतात असताना कापले गेले असणार. तिथून ते रात्रीत घाट उतरून शंभराहून अधिक किलोमीटर अंतर कापत पहाटे दादरला, म्हणजे माझ्या उशाशी, आले. तिथे अंधेरीच्या या गृहस्थाने ते विकत घेतले आणि लोकलने बारा किलोमीटर उत्तरेला नेले. त्या वाटेवर माटुंगा रोडनंतरचे स्टेशन माहीम आहे. याचा अर्थ मावशीचा पुष्पगुच्छ त्या दिवशी सकाळी मावशीच्या अंगणातून पुढे निघून गेला होता, आणि आता तो पुन्हा दक्षिणेकडे यायचा होता. सत्यनारायणाच्या प्रसादाला बोलावलेल्या पाहुण्याने घरावरून जाऊन आधी विरार बघून यावे, तशातला हा प्रकार झाला. तळेगाव ते दादर हा प्रवास फुलांनी एका रात्रीत केला होता. दादर ते माहीम मात्र दुपारचे बारा वाजले तरी सुरूच होता.

पाऊण वाजता घरपोच पोहोचवणाऱ्या मुलाचा फोन आला.

“काका, लोकेशनवर पोचलोय.”

“छान. मग वर जा, तिसरा मजला.”

“वर कुठे जाऊ? समोर समुद्र आहे.”

मावशीच्या घराची खूण नकाशावर नेमकी कुठे पडली होती, ते मी नंतर पाहिले. ती माहीमच्या उपसागरात, किनाऱ्यापासून बऱ्यापैकी आत, जिथे कोळ्यांच्या होड्या नांगरलेल्या असतात त्या बाजूला पडली होती. ओहोटीची वेळ नव्हती म्हणून बरे, नाहीतर त्या प्रामाणिक मुलाने आणखी थोडे पुढे जाऊन पाहिले असते. मी त्याला देवळाची खूण सांगितली, देवळासमोरच्या रस्त्याची सांगितली, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीची सांगितली. या शहरात पत्ता हा इमारतीच्या नावावर चालत नाही, तो शेजारच्या गिरणीवर चालतो, आणि नकाशा काढणाऱ्यांना गिरणीचा आवाज ऐकू येत नाही, ही खरी अडचण आहे.

सव्वा वाजता तो मावशीच्या दारात पोहोचला. आता सुटलो असे मला वाटले, पण तेवढ्यात पुन्हा फोन वाजला.

“काका, आजी ओटीपी देत नाहीत.”

मावशीच्या मोबाइलवर चार आकड्यांचा संकेतांक गेला होता आणि तो सांगितल्याशिवाय गुच्छ हातात देण्याची त्या मुलाला मुभा नव्हती. मी मावशीला फोन लावला.

“मावशी, दारात मुलगा आहे ना, त्याला ते आकडे सांग.”

“नाही सांगणार.”

“अगं, मीच पाठवलंय ते.”

“ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, अगदी ओळखीचा माणूस फोनवर सांग म्हणाला तरी सांगायचा नाही, हे मला गेल्या दिवाळीत कुणी शिकवलं?”

ते मीच शिकवले होते. चहा पिता पिता, तासभर, उदाहरणे देऊन शिकवले होते. मावशीने आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून पाठांतर करून घेतलेले असल्यामुळे शिकलेली गोष्ट ती विसरत नाही. “तू खरंच तूच आहेस कशावरून?” असे तिने विचारल्यावर माझी तोंडी परीक्षा सुरू झाली. आजोबांचे पूर्ण नाव मला आले, मामेबहिणीच्या लग्नाची तारीख चुकली, आणि ‘पारितोषिक’ या शब्दातली पहिली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, यावर मी ‘ऱ्हस्व’ म्हटल्यावर तिची खात्री पटली. एवढा वेळ तो मुलगा तिसऱ्या मजल्यावर जिन्यात उभा होता. त्याला तिने मधल्या काळात दोनदा पाणी आणि एकदा कैरीचे पन्हे दिले, पण आकडे दिले नव्हते.

संध्याकाळी सातला मावशीचा फोन आला. फुले छान आहेत म्हणाली, पण तिचा आवाज फुलांविषयी बोलणाऱ्या माणसाचा नव्हता. “ते सोबत पाठवलेलं कोडं मात्र अवघड आहे,” ती म्हणाली. “आडवे शब्द आहेत, उभे एकही नाही, आणि सूचना कुठे आहेत?”

मावशी रोज सकाळी वर्तमानपत्रातले शब्दकोडे पेन्सिलीने सोडवते. वाढदिवसाच्या गोंधळात ती त्याविषयीच बोलते आहे असे मला वाटले, आणि “उद्या येतो, मग बघू,” म्हणून मी विषय संपवला.

रविवारी सकाळी मी चालत निघालो. स्टेशनाबाहेर गजरे विकणाऱ्या बायका ओल्या फडक्यावर मोगरा मांडून बसल्या होत्या. एकीने हाकही मारली. फुलांवर कालच हजाराच्या वर खर्च झालेला असल्यामुळे मी तिच्याकडे न बघता पुढे गेलो.

मावशीच्या घरी गुच्छ टेबलावर पितळी तांब्यात ठेवलेला होता. चित्रात तो वरून काढलेला असल्यामुळे गोल आणि भरगच्च दिसत होता. प्रत्यक्षात त्याला मागची बाजूच नव्हती. पिवळे गुलाब मोजले तर बारा भरले. उरलेल्या जागेत जरबेरा घुसवलेले होते आणि त्यांच्या माना झुकू नयेत म्हणून देठाला बारीक तार गुंडाळलेली होती. एका गुलाबावर वाहतुकीत कळी सुटू नये म्हणून शेतावर चढवतात ती पांढरी जाळीची टोपी तशीच राहिली होती. मावशीने ती काढलेली नव्हती. “मला वाटलं, याला काही लागलंय,” ती म्हणाली.

कार्नेशनांनी मात्र एका रात्रीत पाकळ्या मिटून घेतल्या होत्या. मी तांब्यातले पाणी बघितले, देठ तिरके कापलेले आहेत का ते बघितले, आणि मग टेबलाखाली बघितले. तिथे देवगडहून आलेल्या हापूसची गवतातली अढी होती आणि आंबे नेमके पिकायला लागले होते. पिकणाऱ्या फळातून इथिलीन वायू बाहेर पडतो आणि कार्नेशनसारखे फूल त्याने अकाली मिटते, हे मी मावशीला समजावून सांगितले. आंबे हलवावेत की फुले, हा प्रश्न तिच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता. तिने तांब्या उचलून खिडकीत ठेवला. ठेवताना गुलाबाजवळ नाक नेऊन तिने एक खोल श्वास घेतला, थोडे थांबून दुसऱ्या फुलाचा घेतला, आणि काही न बोलता आत जाऊन माझ्यासाठी आंबा कापायला घेतला.

कार्ड तिने टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवले होते. मी वाकून बघितले. माझ्या मराठी मजकुराचा त्या छपाई यंत्राला पत्ता लागला नव्हता आणि प्रत्येक चिन्हाच्या जागी त्याने एकेक रिकामा चौकोन छापला होता. संगणकाच्या लेखी काना, वेलांटी आणि अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे असल्यामुळे ‘मावशी’चे पाच चौकोन झाले होते, ‘शंभरी’चे पाच, ‘पार’चे तीन आणि ‘कर’चे दोन. स्वल्पविराम आणि पूर्णविराम तेवढे सुखरूप पोहोचले होते. आणि त्या सगळ्या चौकोनांत पेन्सिलीने, शाळेच्या फळ्यावर लिहावे तशा वळणदार अक्षरांत, मावशीने उत्तर भरले होते:

पुढच्यावेळी, मोगऱ्याचाच गजरा आण.

“‘पुढच्या’ आणि ‘वेळी’ हे दोन वेगळे शब्द आहेत, ते मला कळतं,” मावशी आंब्याची बशी पुढे ठेवत म्हणाली. “पण तुझ्या कोड्यात जागा नव्हती.”