क्रिप्स, दोन मार्कांपुरता

आज लेकाची इतिहासाची उजळणी घेत होते. "क्रिप्स मिशन, 1942, अपयशी. दोन मार्क. पुढचं विचार ना आई." मला पुढचं विचारवेना.

अरे, युद्धानंतर स्वराज्य देऊ असा ब्रिटिश सरकारचा प्रस्ताव घेऊन 1942 मध्ये भारतात येण्याआधी कोण होता हा स्टॅफर्ड क्रिप्स? पेटंटच्या खटल्यांत खोऱ्याने पैसा ओढणारा लंडनचा बडा बॅरिस्टर. 1930 मध्ये मजूर पक्षाच्या सरकारात सॉलिसिटर जनरल, म्हणजे सरकारचा मोठा वकील, पुढच्याच वर्षी ब्रिस्टल ईस्टचा खासदार. आणि 22 सप्टेंबर 1934 च्या पहाटे वेल्समध्ये ग्रेसफर्डच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन 266 माणसं गेली, तेव्हा चौकशीत कामगारांच्या बाजूने उभा राहिला तो हाच. फुकट.

त्या चौकशीत बाहेर आलं की खाणीतली हवा मोजलीच जात नव्हती, वहीत आकडे मात्र रचून भरलेले. क्रिप्सने मॅनेजरला तासन्‌तास प्रश्न विचारून घाम फोडला.

वही म्हटलं की मला एकच वही दिसते. मी आठवीत असताना बाबांचा उजवा हात कारखान्यात मशीनमध्ये गेला. चौकशीला देखभालीची वही आली. सहा महिन्यांच्या नोंदी, एकाच निळ्या शाईत, एकाच अक्षरात. कारखान्यातली वही, आणि तेलाचा एक डाग नाही! बाबा डाव्या हाताने पानं उलटत राहिले. आमच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

हो, 1942 चा त्याचा प्रस्ताव आपल्या कामाचा नव्हता, फेटाळला तेच बरोबर. पण म्हणून माणूस दोन मार्कांत संपवायचा? सगळ्या सरकारविरोधकांची एकजूट करा म्हणत राहिला म्हणून 1939 मध्ये त्याच्याच पक्षाने त्याला हाकललं, तरी मागे हटला नाही.

आणि ग्रेसफर्डच्या कंपनीला शिक्षा काय? नोंदी नीट ठेवल्या नाहीत म्हणून 140 पौंड दंड. 266 माणसांचे 140 पौंड! संताप होतो नुसता. अकराच मृतदेह वर आले, बाकीचे अजून खालीच आहेत.

हे सगळं लेकाला सांगितलं. पुस्तक मिटून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "आजोबांनी काय केलं मग?"

जबाबावर सही केली, बाळा. मशीनची देखभाल वेळेवर होत होती, असं लिहिलेल्या जबाबावर. डाव्या हाताने.