माझ्या जन्मसालाबद्दल, काकांना

काका (सही तुम्हीच तशी केलीत, म्हणून तसंच म्हणते),

घरी कृष्णधवल फिल्मचे रोल धुण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही पाच-सहा मुद्दे लिहिलेत. पहिलंच वाक्य: ‘मोबाइल हातात घेऊन जन्मलेल्यांनी आम्हाला हायपो शिकवू नये, अगं, आधी वय सांग.’ (हायपो म्हणजे फिक्सर, फिल्मवरचं चित्र पक्कं करणारं रसायन.) एवढं झाल्यावर बाकीच्या मुद्द्यांना गोड बोलून उत्तर मिळेल अशी अपेक्षा असेल, तर धन्य आहे.

वय सांगत नाही. सांगितलं तरी तुमच्या टाकीतल्या रोलला काडीचा फरक पडणार नाही. डी-76 या डेव्हलपरचं, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणाऱ्या रसायनाचं, सूत्र 1920 च्या दशकातलं, म्हणजे तुमच्याहूनही वडीलधारं. एक लिटरला मेटॉल 2 ग्रॅम, सोडियम सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2. पन्नासेक अंशांच्या पाऊण लिटर पाण्यात चिमूटभर सल्फाइट, मग मेटॉल, मग उरलेलं सल्फाइट. सगळं सल्फाइट आधी ओतलंत तर मेटॉल धड विरघळत नाही. वजन करणारा पंचविशीतला असो की सत्तरीतला.

फिक्सर संपल्याचं ‘अनुभवानं कळतं’ म्हणता. कशावरून? थकलेला फिक्सरही दिसायला स्वच्छच असतो. रोलचा कापलेला लीडर (सुरुवातीचा, फोटो नसलेला तुकडा) उजेडातच ताज्या फिक्सरमध्ये टाका आणि दुधी पट्टी पारदर्शक व्हायला किती सेकंद लागले ते बाटलीवर लिहून ठेवा. रोल त्याच्या दुप्पट वेळ ठेवायचा. पुढे त्याच फिल्मच्या पट्टीला पहिल्याच्या दुप्पट वेळ लागला, की फिक्सर ओतून द्यायचा. दहावीतल्या मुलीनं करा नाहीतर तुम्ही करा, उत्तर तेच येणार.

वयाचा उपयोग होत नाही असं नाही. निगेटिव्हवर पेन्सिलीनं रिटचिंग (डागडुजी) कसं करायचं हे तुम्ही सांगावं, मी ऐकावं. पण ‘लाल दिव्यात बघत बघत धुवा, घड्याळ कशाला’ हा सल्लाही त्याच अनुभवातून आलाय ना? जुन्या ऑर्थो प्रकारच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, तिथे ते चालायचं. आज मिळणारे बहुतेक कृष्णधवल रोल पॅनक्रोमॅटिक आहेत, त्यांना लालसकट सगळे रंग दिसतात. दिवा लावलात की निगेटिव्ह काळीठिक्कर. कोणी पांढरे केस बघून तुमचं ऐकलं तर त्याच्या 36 च्या 36 फ्रेम गेल्या.

डेव्हलपरच्या तापमानाबद्दल ‘मुंबईत 20 अंश कुठून आणणार’ म्हणता, हे मात्र मान्य. मे महिन्यात नळाचं पाणीच 30 च्या घरात असतं. एचपी5 प्लस या फिल्मला स्टॉक (पाणी न मिसळलेल्या) डी-76 मध्ये 20 अंशांना साडेसात मिनिटं, 24 ला सव्वापाचच्या आसपास. त्याहून गरम केलंत तर वेळ पाचच्या खाली उतरतो आणि डेव्हलपिंग एकसारखं होत नाही. फोटोतल्या मोकळ्या आकाशात पट्टे दिसतात. बादलीत बर्फाचं पाणी, त्यात डेव्हलपरची बाटली, आत थर्मामीटर. एवढंच.

एजिटेशनचं, म्हणजे टाकी हलवत राहण्याचं, लेखात आहे, वाचलं नसावंत. आणि किमतींची तक्रार म्हणाल, तर रसायनांच्या किमती मी ठरवत नाही.

आणि ‘अगं’ म्हणण्याइतकी आपली ओळख नाही. पुढच्या वेळी वयाऐवजी निगेटिव्हचा फोटो टाका, कडेचे फ्रेमनंबर दिसतील असा. नंबरही फिकट असतील तर डेव्हलपिंग कमी झालंय. नंबर ठळक आणि फ्रेम फिकट, तर एक्स्पोजर कमी पडलंय.