केवळ वस्तुमानाचा प्रश्न नाही
ऑक्सिजनच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंच्या; येथे १६, १७ व १८) प्रमाणातील फरक केवळ वस्तुमानामुळे पडतो, असे आपल्या लेखात म्हटले आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाला ते लागू पडते, आयेंदे या अशनीला (अवकाशातून पडलेल्या दगडाला) नाही. साताऱ्यात बारावीला शिकवताना मी फळ्यावर ऑक्सिजन-१८च्या तुलनेत ऑक्सिजन-१७चे प्रमाण किती बदलते हे दाखवणाऱ्या दोन रेषा काढतो, एकीचा चढ सुमारे ०.५२ (वस्तुमानानुसार पडणारा फरक) आणि दुसरीचा जवळपास १ (दोन्ही सारखेच बदलतात, म्हणजे कारण वस्तुमान नव्हे). ही दुसरी रेषा भूरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्लेटन व सहकाऱ्यांना १९७३ मध्ये, मेक्सिकोत १९६९ साली पडलेल्या त्या काळसर दगडातील पांढुरक्या ठिपक्यांत गवसली. सूर्य ज्यातून घडला त्या वायूच्या ढगात ऑक्सिजन-१६ असलेले कार्बन मोनॉक्साइडचे विपुल रेणू आपल्या वाट्याचा अतिनील प्रकाश वरच्या थरातच शोषून संपवतात, म्हणून आत १७ व १८चे अणू तुलनेने अधिक सुटतात आणि हायड्रोजनशी संयोग पावून पाण्याचा बर्फ होतात, हे स्पष्टीकरण मला सर्वाधिक पटते. नासाच्या जेनेसिस यानाने २००४ मध्ये आणलेल्या सौरवाऱ्याच्या (सूर्यातून बाहेर पडणाऱ्या कणांच्या प्रवाहाच्या) नमुन्यांतून त्या ठिपक्यांप्रमाणे सूर्यही ऑक्सिजन-१६ने समृद्ध असल्याचे दिसले, आणि ते या स्पष्टीकरणाशी जुळते. त्याचा उल्लेख लेखात अवश्य यावा.