चुली किती?

काल रेशन दुकानासमोर पाऊण तासात माझं घर फुटलं. फोडलं ते एका अनोळखी म्हाताऱ्यानं.

निमित्त ई-केवायसीचं. कार्डावर आमची नऊ नावं, हजर मी एकटा. माणशी ५ किलो धान्य, २०२३ पासून तेही फुकट (पुण्यातल्यांचं कोण खातं हे विचारायचं नाही), पण अंगठा नसंल तर नाव कटणार. अंगठा राज्यातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतो म्हणून हिंजवडीतल्या भावाला फोन लावला, तर म्हणतो "लोकेशन पाठव."

मागं बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर बसलेले बाबा सगळं ऐकत होते.

"कामून हो, येगळे निघालात?"

"नाही बाबा, एकत्रच आहोत."

"चुली किती?"

"तीन. एक इथं, एक चुलत्याची लातूरला, एक पुण्याला. पुण्याची पेटतच नाही म्हणा, डबा येतो."

"मंग भांडण कशाचं झालं?"

"झालंच नाही हो."

"भांडणाबिगर कुणी येगळं निघतंय व्हय? वावर वाटलं का?"

लाईन वळून बघायला लागली. एक बाई हळूच "सुनंचं काम असंल" म्हणाली. मी कशाला शहाणपणा करावा, पण केला. सांगितलं, जनगणनावाले एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांनाच एक कुटुंब धरतात, रेशन कार्डाचं काय घेऊन बसलात.

"मंग सरकारबी तेच म्हणतंय की! तुमी फुटलेत."

पुढं बाबांनी त्यांच्या काळातलं एकत्र घर लावलं, वीस माणसं, भाकरी कुणी मोजत नव्हतं वगैरे. भाकरी मोजत नव्हते कारण थापणारीला कुणी विचारतच नव्हतं, आमच्या आईला विचारा, निम्मा जन्म चुलीपुढं गेला तिचा अन् आता गुडघे दुखतात तर वीसातला एक फोन करत नाही. पण हे मला घरी आल्यावर सुचलं. तिथं मी नुसता हसलो.

मग बाबांचा नंबर आला. नाव थोरल्याच्या कार्डावर, म्हातारीचं धाकट्याच्या. जेवण एक महिना इकडं, एक महिना तिकडं, अन् म्हातारीचं बरोबर उलटं. पोरं एकाच वाड्यात राहतात, मधे भिंत.

मशीननं त्यांचा अंगठा तीनदा नाकारला. दुकानदार म्हणाला, सोमवारी या.

"म्हातारीलाबी आणतो मंग."

"तिचं कार्ड येगळं हाय बाबा."

"व्हय की," म्हणत त्यांनी पिशवी झटकली, काखेत मारली, अन् जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून अख्ख्या लाईनीला ऐकू जाईल असं म्हणाले, "भाऊ हाय तुमचा. मिटवून घ्या."