चांदाची साक्ष

29 व्या रोज्याच्या संध्याकाळी मिरजेत मोहल्ल्यातल्या मौलानांच्या आवाजात क्लिप फिरली: चांद दिसला, उद्या ईद. अम्मीने शीरखुर्म्याचे खजूर भिजत घातले, बदाम सोलायला घेतले. तासाभराने कळलं, मौलाना तर मशिदीत तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजच्या, तयारीत आहेत. आवाज एआयने बनवलेला. काही घरांत ही दुसरी खबर पोहोचलीच नाही. त्यांचा रोजा बुडाला, आता कझा ठेवायचा, म्हणजे नंतर भरून काढायचा. मी असतो शारजात, तिथे आमची ईद त्याच सकाळी झाली होती.

तेव्हापासून फॅमिली ग्रुपवर एकच वाद, एआय हलाल की हराम? चाचा म्हणतात, मशीनच हराम. क्लिप टाकणारा चुलतभाऊ म्हणतो, "माझी नियत साफ होती, मी फक्त फॉरवर्ड केलं. अमल, म्हणजे कृत्यं, नियतीवर ठरतात." या 'फक्त'ने माझं डोकं फिरतं.

कुराणातल्या सूरह हुजुरातची सहावी आयत काय सांगते? फासिक, म्हणजे बेभरवशाचा, माणूस खबर घेऊन आला तर आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत लोकांचं नुकसान कराल आणि पस्तावाल. 'नकळत' म्हटलंय तिथे! मग नियतीची सबब उरते कुठे? ऐकलेलं सगळं सांगत सुटणं माणूस खोटा ठरायला पुरेसं आहे, ही हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, तर मदरशात आम्ही दोघांनी मिळून पाठ केली होती. टेलिफोन आला तेव्हा चांदाची साक्ष त्यावर चालेल का, यावर आपल्या उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, किती खल केला. आवाजासारखा आवाज असतो, साक्षीदार समोर हवा, असं म्हणणाऱ्यांना आपण जुनाट ठरवलं.

चांदाचं एका रोज्यावर निभावलं. पण सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सप्टेंबर 2023 मध्ये सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल पेटली, एक तरुण जिवानिशी गेला. सांगलीपासून ते काय लांब आहे?

इथे यूएईत 2021 चा 34 नंबरचा कायदा आहे. अफवा पसरवली तर किमान एक वर्ष कैद, एक लाख दिरहम दंड. माझ्या ऑफिसात कुणी काही फॉरवर्ड करत नाही. हे ग्रुपवर लिहिलं, तर भाऊ म्हणाला, "भाईजान, तिकडे एसीत बसून आम्हाला दीन शिकवू नका."

लागलं. उत्तर लिहिलं, पुसलं. 14 वर्षांत शारजातून मी एकही क्लिप पाठवलेली नाही. पण ते आयतीच्या धाकाने की दंडाच्या? गेल्या सुट्टीत मिरजेत दर्ग्याजवळ चहा पिताना मीच दोन पाठवल्या होत्या. तपासल्या नव्हत्या. हे ग्रुपवर अजून सांगितलेलं नाही.