पत्त्याचा पुरावा

बँकेला माझी ओळख पटते, पत्ता पटत नाही. केवायसीसाठी फोटो जुळला, अंगठा जुळला, सहीसुद्धा ओढूनताणून जुळली. पण मी साताऱ्यात नक्की राहतो कुठे, यावर माझ्याच कागदांचं एकमत नाही. वीजबिल म्हणतं 'राजपथ'. रेशनकार्ड म्हणतं 'वरचा रस्ता'. गॅसच्या पुस्तकावर '501 पाटीजवळ'. घरपट्टीच्या पावतीवर नुसती पेठ आणि घर नंबर.

"काका, यातलं तुमचं घर कुठलं?" काउंटरवरच्या मुलाने विचारलं. बिचारा लातूरकडून नुकताच बदलून आलेला.

"सगळी माझीच."

"चार घरं आहेत?"

चार घरं असती तर तुझ्यासमोर झेरॉक्स घेऊन कशाला उभा राहिलो असतो, हे मी गिळलं आणि त्याला गाव समजावायला घेतलं. मागे रांग होती, पण रांगेतले सगळे सातारकर. त्यांनाही यात भर घालायचीच होती.

गाव अजिंक्यताऱ्याच्या उतरणीवर. 1708 साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक किल्ल्यावर झाला आणि पुढे पायथ्याशी पेठा बसत गेल्या. किल्ल्याकडचा मोठा रस्ता तो वरचा, दुसरा खालचा. हंडा कलंडला की पाणी कुणीकडे जातं ते बघायचं. नकाशा लागत नाही. मग वरच्याचा झाला राजपथ आणि खालच्याचा कर्मवीर पथ. भाऊराव पाटलांबद्दल बोलायचं कामच नाही. 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, 1924 साली ती साताऱ्यात आणली. आमच्या भावकीतली निम्मी माणसं त्यांच्यामुळे सही करतात. तरीही रिक्षात बसल्यावर तोंडातून 'खालच्या रस्त्यानं घ्या'च निघतं.

"बरं, आणि ही 501 पाटी?"

"साबणाची," मागून एक आजोबा म्हणाले. "501 बारची जाहिरात होती तिथं."

पोराने पेन खाली ठेवलं. "म्हणजे काका साबणाच्या जाहिरातीजवळ राहतात?"

आता याला काय सांगणार! रस्त्याला रीतसर नाव द्यायचं तर ठराव लागतो, मंडप लागतो, पडद्याची दोरी ओढायला पाहुणा लागतो, आणि तो पाहुणा दीड तास उशिरा येतो. साबणवाल्याने नुसती पाटी ठोकली आणि काम झालं. नावं वरून लादून टिकत नाहीत, हे औरंगजेबाला विचारा. 1700 साली किल्ला घेतला, मुलाच्या नावावरून 'आझमतारा' ठेवलं. मराठ्यांनी किल्ला परत घेतला, अजिंक्यतारा झाला, विषय संपला. आणि हायवेवर बघा. बॉम्बेची मुंबई 1995 सालीच झाली, पण आमच्या 'बॉम्बे रेस्टॉरंट चौका'पर्यंत तो निरोप अजून पोचलेला नाही. शहाणा माणूस तिथे 'मुंबई उपाहारगृह चौक' विचारायच्या भानगडीत पडणार नाही.

"काका, सिस्टीममध्ये एकच पत्ता टाकता येतो," तो कळवळून म्हणाला. "मी घर बघायला माणूस पाठवतो."

माणूस आला. म्हणजे आधी त्याचा फोन आला. मॅप त्याला राधिका रोडवर फिरवत होता. मी म्हटलं, मोती चौकाकडून वरच्या रस्त्याला या. तो म्हणाला, मॅपवर 'वरचा रस्ता' नाही. मग बॅटरी संपली असावी, कारण त्याने मॅपचा नाद सोडून माणसांना विचारायला सुरुवात केली आणि दहा मिनिटांत तो आमच्या बोळात हजर.

खिडकीतून शेजारच्या आजींचा आवाज आला. "कुणाकडं? अरे, ते पिवळ्या गेटाचं घर!"

"आजी, पिवळं गेट कुठं दिसत नाही."

"हे काय समोर. निळं आहे ते."

गेटाला निळा रंग देऊन बरीच वर्षं झाली आहेत. पण त्या भल्या माणसाने वाद घातला नाही. फॉर्म गुडघ्यावर ठेवून भराभर लिहिलं, माझी सही घेतली, चहाला नको म्हणाला, मग घेतला.

पुढच्या आठवड्यात बँकेचा मेसेज आला. पत्ता अद्ययावत झाला होता: पिवळ्या गेटाचे घर, सातारा. चेकबुक त्याच पत्त्यावर पाठवलं म्हणे. आणि पोस्टमनने ते एका फेरीत आणून दिलं.