सवलत दुकानातच वजा व्हावी

कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वीज वाचवणारी उपकरणे घेता यावीत म्हणून खरेदीनंतर काही रक्कम बँक खात्यात परत द्यावी, ही एका लेखातील सूचना हेतूने योग्य असली तरी तिची रीत मला पटत नाही. आमच्या कळव्यातील चाळीत पंखा दिवसाचे १२ तास सहज फिरतो. जुना पंखा सुमारे ७५ वॉट वीज घेतो, तर बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॉट. म्हणजे एका पंख्यामागे महिन्याला जवळपास १६ युनिट वाचतात, आणि १०० युनिटांनंतर दर वाढत असल्याने, ज्यांचा वापर त्या सीमेच्या थोडा पुढे जातो त्यांच्यासाठी ही बचत अधिकच मोलाची ठरते. पण महिनाअखेरीस ज्या घरात हाती काही उरत नाही, तिथे पूर्ण किंमत आधी भरायची कोणी? २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या उजाला योजनेत एलईडी दिवे थेट कमी किमतीत मिळाले, म्हणूनच ते घरोघरी पोहोचले. पंखे आणि फ्रिज यांनाही तोच मार्ग हवा. शिवाय भाड्याच्या खोलीचा वीजमीटर बहुधा घरमालकाच्या नावावर असतो; त्यामुळे केवळ बिलावरचे नाव पाहून पात्रता ठरवली, तर दिघा, तुर्भे, मुंब्रा येथील ज्या भाडेकरूंना या सवलतीची सर्वाधिक गरज आहे, तेच तिच्याबाहेर राहतील.